निळं झाकण

पहाटे ४.५०

फोन उशाशीच असतो. पलीकडून पावसाचा, मागून जाणाऱ्या गाड्यांचा आणि एका दमलेल्या माणसाचा आवाज आला. "मिस्त्री, गाडी पिकअप नहीं ले रहा. घाट में फस गया." बोलण्याच्या हेलावरून माणूस तमिळनाडूकडचा. या रस्त्यावर नामक्कलच्या गाड्या पुष्कळ असतात.

अशा वेळी गाडी कुठल्या कंपनीची, हे मी शेवटी विचारतो. आधी विचारतो, गाडी कडेला घेतली का, चाकांना दगड लावले का, मागे त्रिकोण ठेवला का. मग मीटरवर कोणता दिवा आहे आणि तो कधीपासून पेटलाय. आणि मग, युरिया कधी भरला होता.

मोरबीतून फरशा भरून निघाल्यावर दोनेक तासांत पिवळा दिवा लागला होता. वसईच्या आसपास गाडीचा जोर कमी झाला. रात्री शिरवळला थांबून तो झोपला, साडेतीनला किल्ली फिरवली, तेव्हापासून गाडी २०च्या वर जाईना. सपाटीवर रांगत आली आणि खंबाटकीच्या पहिल्याच चढाला तिने मान टाकली.

एवढ्यावरूनच अर्धा आजार कळला. युरोपच्या ज्या नियमांवर आपले बीएस-६चे नियम बेतलेत, त्यांत धूर साफ करणारी यंत्रणा बिघडली की गाडीने ड्रायव्हरला पायरी पायरीने अडवायचं असतं. आधी दिवा. इंजिनाचे साधारण १० तास झाले की ताकद पाऊणपट. २० तास झाले की वेग ताशी २० किलोमीटरवर, आणि तोही गाडी एकदा थांबून पुन्हा सुरू झाल्यावर. गाडीने वीस तास त्याला सांगून पाहिलं होतं. तिची भाषा त्याला कुणी शिकवली नव्हती, यात त्याचा दोष मी धरत नाही.

५.३०

आमच्या पारगाव खंडाळ्याहून घाटाचा पायथा जवळ आहे. पुण्याकडून येणारी वाहतूक जुन्या घाटाने चढत होती, साताऱ्याकडची बोगद्यातून येत होती. त्यामुळे घाटात उलटं फिरता येत नव्हतं. काम झालं की पलीकडे वेळ्यापर्यंत उतरून बोगद्यातून परत यावं लागणार होतं. विसरलेलं हत्यार आणायला जायचं म्हणजे हा सगळा फेरा. म्हणून मी आणि भाचा निघताना पेटी दोनदा पाहतो. लॅपटॉप, स्कॅनर, मल्टिमीटर, टेस्ट लॅम्प, कपलर साफ करायचा स्प्रे, वायर, श्रिंक ट्यूब, डोझरची गॅस्केटं, युरियाचा फिल्टर, रिफ्रॅक्टोमीटर, मोजपात्र. आज एवढं पाहूनही गरम पाण्याचा थर्मास घरी ओट्यावरच राहिला. चूक माझीच होती.

पालखी लोणंदहून तरडगावकडे निघाली त्याला दोन दिवस झाले होते आणि पाऊस तिच्याबरोबर पुढे न जाता इथेच रेंगाळला होता. गाडी वळणाच्या अलीकडे उभी होती. ड्रायव्हर पन्नाशीचा, लुंगी गुडघ्यापर्यंत दुमडलेली, डोक्यावर प्लास्टिकची पिशवी. क्लीनर नाही. आता बहुतेक गाड्यांवर ड्रायव्हर एकटाच असतो, आणि बिघाड झाला की एकट्या माणसाला गाडीही सोडता येत नाही आणि मदतही शोधता येत नाही.

स्कॅनर लावला. भाच्याचं बोट लगेच "पुसा"च्या बटनाकडे गेलं. त्याने आयटीआयमधून मेकॅनिक डिझेल केलंय, हात चांगला आहे, पण ही घाई अजून जात नाही. कोड पुसला की त्याच्याबरोबर त्या वेळचा दाब, तापमान, वेग ही सगळी नोंद जाते. आधी वहीत लिहायचं, मग हात लावायचा. त्याने लिहिलं: एसपीएन ४३६४, म्हणजे धुरातला नायट्रोजन ऑक्साइड जेवढा कमी व्हायला हवा तेवढा होत नाही. कोड फक्त गाव सांगतो, घर आपल्याला शोधावं लागतं. युरिया पातळ असेल, पंप दाब देत नसेल, फवारा बंद पडला असेल, सेन्सर खोटं बोलत असेल किंवा सायलेन्सरच्या जोडातून धूर गळत असेल. कोड तोच येतो.

टाकीच्या निळ्या झाकणातून दोन थेंब रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर घेतले. रेघ ३२.५ला. बाटलीवर छापलेला आकडा तोच असतो: शंभरात साडेबत्तीस भाग युरिया, बाकी क्षार काढलेलं पाणी. हाच आकडा का, असं भाच्याने एकदा विचारलं होतं. या प्रमाणात ते पाणी सगळ्यात उशिरा गोठतं, उणे ११ अंशांवर. खंबाटकीत त्याचा उपयोग नाही, पण प्रमाण जगभर एकच ठेवलंय.

पंपाचा दाब ९ बारच्या आसपास, म्हणजे ठीक. मग फवारा. सायलेन्सरच्या पाइपावर तो मारणारा डोझर तीन बोल्टांनी बसवलेला असतो. गाडी तासभर उभी असूनही पाइपाला हात लावता येत नव्हता. बोल्ट सोडवून डोझर बाहेर काढला आणि टॉर्च मारली. टोकावर खडीसाखरेच्या खड्यासारखा पांढराशुभ्र गड्डा. भोकं दिसेनात.

मी ड्रायव्हरला विचारलं, गाडी थांबवल्यावर बॅटरीचा कट-ऑफ कधी मारता? तो अभिमानाने म्हणाला, "तुरंत." पंचवीस वर्षांची सवय. जुन्या गाडीत ती चांगलीच सवय होती. वायर घासली तरी आग लागत नाही, बॅटरी उतरत नाही. या गाडीत मात्र किल्ली बंद केल्यावरही पंप थोडा वेळ चालू असतो. नळीत आणि डोझरमध्ये राहिलेला युरिया तो उलटा ओढून टाकीत नेतो. कान दिला तर मागून बारीक घरघर ऐकू येते. ती थांबायच्या आत कट-ऑफ मारला की युरिया गरम डोझरमध्येच अडकतो, पाणी उडून जातं आणि खडा उरतो. रोज थोडा थोडा. दोन-तीन मिनिटं थांबलं असतं तर आज हा माणूस धर्मपुरीच्या वाटेवर असता.

हा खडा तारेने टोकरायचा नसतो. भोक केसाएवढं, ते मोठं झालं की फवाऱ्याऐवजी धार पडते आणि मग सायलेन्सरच्या आतच युरियाचा दगड तयार होतो. त्याला औषध एकच, गरम पाणी. युरिया पाण्यात विरघळतो, गरम पाण्यात पटकन. आणि थर्मास घरी.

ड्रायव्हरने काही न बोलता केबिनमधून स्टोव्ह काढला. गाडीच्या आडोशाला, पावसाची झड चुकवत, त्याने पातेल्यात पाणी ठेवलं. अर्ध्या पाण्याचा चहा केला, अर्ध्यात आम्ही डोझर बुडवला. चहा संपेपर्यंत खडा निम्मा झाला होता. दुसऱ्या पाण्यात साफ गेला. नवी गॅस्केट लावली. बसवण्याआधी लॅपटॉपवरून फवारा मोजपात्रात मारून पाहिला: तीन बारीक धुक्याच्या रेषा, सारख्या.

ड्रायव्हरचा चेहरा मात्र खुलला नाही, कारण दिवा तसाच होता. ही समजूत काढणं कामापेक्षा अवघड. सायलेन्सर २०० अंशांच्या पुढे तापल्याशिवाय गाडी युरिया मारतच नाही. तो मारला की धुरातला नायट्रोजन ऑक्साइड कमी झाला का, हे पुढचा-मागचा सेन्सर ताडून पाहतो. गाडीची खात्री पटायला वेळ लागतो. वेगाचं बंधन मी लॅपटॉपवरून उठवलं, पण दिवा त्याचा त्यानेच विझू दे, असं सांगितलं. रस्त्यात काही वाटलं तर फोन कर.

गाडी हलली तशी मी हाक मारून थांबवली. चाकाखालचे दगड तसेच पडले होते. ते उचलून कठड्यापलीकडे टाकायला लावले. पहाटेच्या पावसात दुचाकीवाल्याला रस्त्यात पडलेला दगड दिसत नाही. या घाटात मी अशी माणसं उचललेली आहेत.

८.१५

गॅरेजवर परत. पत्र्याची शेड, पुढे मुरूम टाकलेलं आवार, कडेला चिंच. चिंचेच्या बुंध्याची रस्त्याकडची बाजू अजून काळपट आहे, शेताकडची राखाडी. मी काम शिकायला लागलो तेव्हा पंप आणि नोझल एवढंच जग होतं. चढाला गाडीने काळा लोट टाकला की उस्ताद म्हणायचे, जोर आहे. आम्हीही तेच म्हणायचो. रात्री नाक शिंकरलं की रुमालावर काळं यायचं आणि ते सगळ्यांनाच यायचं, म्हणून त्याचं कुणाला काही वाटत नसे.

मग १ एप्रिल २०१७ला देशभर बीएस-४ आलं आणि १ एप्रिल २०२०ला, मधलं बीएस-५ गाळून, थेट बीएस-६. लॉकडाऊनमध्ये गाड्या उभ्या होत्या, त्याच दिवसांत. डिझेलमधलं गंधक दहा लाखांत ३५० भागांवरून ५०वर आलं होतं, ते आता १०वर आलं. मोठ्या इंजिनाला नायट्रोजन ऑक्साइडची मुभा दर किलोवॅट-तासाला ३.५ ग्रॅम होती, ती ०.४६वर आली. कागदावर हे चार आकडे. आमच्यासाठी मात्र एका रात्रीत पान्याचं काम वायरीचं झालं. माझ्या बरोबरीच्या दोघांनी गॅरेज बंद केलं, एकाने रसवंती टाकली. मी कर्ज काढून स्कॅनर घेतला आणि रात्री इंग्रजी मॅन्युअल शब्द शब्द लावत वाचलं.

९.४०

शिरवळच्या एमआयडीसीतून कामगारांची ने-आण करणारी छोटी बस आली. डीपीएफचा दिवा. ड्रायव्हर तरुण, गावातलाच, मला दादा म्हणतो.

डीपीएफ म्हणजे चिनी मातीची, मधमाश्यांच्या पोळ्यासारखी गाळणी. धुरातली काजळी त्यात अडकते. गाळणी भरत आली की गाडी आतली उष्णता ६०० अंशांपर्यंत नेऊन काजळी जाळते. आम्ही त्याला रिजन म्हणतो. घाट चढणाऱ्या भरलेल्या ट्रकची काजळी चालता चालताच जळते. ही बस दिवसभरात चार-पाच किलोमीटरच्या खेपा मारते आणि गेटसमोर एसीसाठी इंजिन चालू ठेवून उभी राहते. तिचा सायलेन्सर कधी नीट तापतच नाही.

उभ्या गाडीत रिजन लावायचं तर जागा पाहावी लागते. मागे वाळलेलं गवत नको, कडबा नको, ताडपत्री नको, पोरं नकोत. पावसाळ्यात सोपं जातं. उन्हाळ्यात मी आधी मागची जमीन पाण्याने भिजवतो. ३५ मिनिटं इंजिन आपोआप चढ्या आवाजात घुमत राहिलं. गाळणीच्या दोन्ही बाजूंच्या दाबातला फरक उतरायला हवा होता. उतरला, पण अर्ध्यावर येऊन अडला.

"ऑइल कुठलं टाकलं मागच्या वेळी?"

"जुन्या बसला टाकतो तेच. अर्धा पिंप शिल्लक होता, दादा."

हेच ते. काजळी जळते, राख जळत नाही. चुलीत लाकूड घातलं की कोळसा होतो, कोळसा जळून जातो, पण राख सुपलीने काढावीच लागते. इंजिनात थोडं ऑइल जळतंच आणि त्यातल्या रसायनांची राख गाळणीत बसते. म्हणून या गाड्यांना कमी राखेचं ऑइल लागतं. जुन्या पिंपातलं तेल वाया जाऊ नये म्हणून वापरलं, आणि गाळणीचं आयुष्य गेलं. आता ती काढून साफ करायला पाठवावी लागेल. हे काम रस्त्याकडेला होत नाही. पाण्याचा पाइप लावून गाळणी धुणारे लोक आहेत. बाहेरून ती लख्ख दिसते आणि आतून फुटते.

गाळणी साफ होऊन आल्यावर काय करायचं तेही सांगितलं: दर आठवड्याला एकदा रिकामी का होईना, घाट चढून सुरूरपर्यंत जा आणि बोगद्यातून परत ये. तो म्हणाला, मालक डिझेलचा हिशेब मागेल. मी मालकाला फोन केला. या कामात निम्मे फोन असेच, गाडीत न बसणाऱ्या माणसाला गाडीबद्दल समजवायचे.

११.३०

आजचं सगळ्यात मोठं काम हे, आणि मनाला लागलेलंही हेच.

तात्या आमच्या नात्यातले. ऊस आहे, बाजरी आहे, आणि दोन वर्षांपूर्वी कर्जावर घेतलेला दहाचाकी ट्रक. मुलगा चालवतो. ट्रक कसाबसा आवारात आला. सायलेन्सरच्या जोडावर पांढरे-पिवळे ओघळ, अमोनियाची डोळ्यांत जाणारी झार. कोड पी२०७एफ: टाकीतला युरिया नीट नाही.

रिफ्रॅक्टोमीटर लावला आणि चक्रावलो. रेघ बरोबर ३२वर. भाचा म्हणाला, "मामा, युरिया तर चांगलाय, सेन्सरच गेलाय." मी थेंब बोटांवर चोळला. तेलकट. नाकाशी नेला. आज्जी धान्यात पाला घालायची त्या कोठीतला वास. कडुलिंब.

तात्यांकडे पाहिलं. ते चिंचेखाली बसले होते, नजर जमिनीकडे.

"कंपनीचा डबा महाग पडतो रं," ते म्हणाले. "पोरानं मोबाइलवर बघितलं. इतकं किलो, इतकं पाणी. युरिया त्यो युरियाच न्हवं?"

वजन त्याने चोख केलं होतं, म्हणून काच फसली. काच फक्त दाटपणा मोजते. त्यात काय विरघळलंय ते तिला कळत नाही.

मी त्यांना ओरडलो नाही. ज्याच्या घरात खताची पोती आहेत आणि ट्रकचा हप्ताही आहे, त्याला हा विचार सुचणारच. युरिया तोच आहे, हेही खरं. पिकाला जो नायट्रोजन देतो तोच गाडीत गरम होऊन अमोनिया होतो, अमोनिया धुरातल्या विषारी वायूला गाठतो आणि दोघांचं मिळून साधा नायट्रोजन आणि पाणी होऊन बाहेर पडतं. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी कितीतरी वेळ त्या डब्याकडे बघत बसलो होतो. पण शेतातल्या युरियाच्या दाण्यावर निंबोळी तेलाचा थर असतो. २०१५पासून देशातल्या सगळ्या युरियाला तो सक्तीचा आहे, म्हणजे जमिनीत तो हळूहळू सुटेल आणि कारखान्यांकडे वळवायला अवघड जाईल. ते तेल, दाण्यातली बाकीची भेसळ आणि तात्यांच्या बोअरचं क्षाराचं पाणी. मातीला यातलं सगळं चालतं, तिथे पचवणारे जीव आहेत. सायलेन्सरमधल्या उत्प्रेरकाला काहीच चालत नाही. क्षार आणि धातू त्याच्या अंगावर बसले की ती जागा कायमची मेली. तिला कोणतंही पाणी जिवंत करत नाही.

आणि दुसरी गोष्ट मी जरा हळू आवाजात सांगितली. ४५ किलोचं पोतं शेतकऱ्याला २६६ रुपये ५० पैशांना मिळतं, कारण उरलेला पैसा सरकार भरतं, पिकासाठी. ते गाडीत घालणं हा खत नियंत्रण आदेशाखाली गुन्हा आहे. गेल्याच आठवड्यात कृषी सेवा केंद्रासमोर युरियासाठी रांग लागली होती. त्या रांगेत तात्या स्वतः दोन तास उभे होते.

"चुकलं," ते म्हणाले. "किती खर्च येईल?"

टाकी उतरवली. तळाला गाळ, भिंतींना तवंग. पंपाचा फिल्टर तपकिरी झालेला. टाकी, नळ्या, पंप सगळं क्षार काढलेल्या पाण्याने तीनदा धुतलं. चौथ्यांदा थोडा चांगला युरिया घालून खळबळून काढला, कारण नुसतं पाणी उरलं तरी गाडी पुन्हा कुरकुरते. फिल्टर नवा. डोझर नवा, जुना वाचण्यासारखा नव्हता. उत्प्रेरक किती उरलाय हे मात्र गाडी तापवून, दोन सेन्सरांचे आकडे पाहिल्यावरच कळणार होतं.

टाकीतून निघालेलं तीस-पस्तीस लिटर पाणी भाचा गटारात ओतायला निघाला होता. मी थांबवलं. त्याला डिझेलचा वास नाही हे पाहिलं आणि कॅन भरून तात्यांच्या मुलाच्या हवाली केले. पाटाच्या पाण्यात भरपूर पातळ करून उसाला सोड. ते जिथून आलं होतं तिथे गेलेलं बरं.

२.१५

भाकरी, मेथी, ठेचा. दुसरा घास तोंडात असताना नामक्कलवाल्याचा फोन. कऱ्हाड ओलांडलं, तासवड्याचा टोल मागे पडला, गाडी छान ओढते, पण दिवा अजून आहे. घाबरला होता. मी म्हणालो, चालत राहा. थांबलास तर किल्ली बंद केल्यावर कट-ऑफला हात लावू नकोस, मागची घरघर थांबू दे. त्याने ते वाक्य माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतलं.

३.३०

एका मालकाचे तीन ट्रक या रस्त्यावर चालतात. तो स्वतः मोटारीतून आला. बसला, पाणी प्यायला आणि सरळ म्हणाला, "हा सायलेन्सरचा डबाच काढून टाका. बायपास बसवा. पैसे सांगा."

बायपास म्हणजे एक छोटी डबी. ती इंजिनाच्या कॉम्प्युटरला खोटे आकडे सांगत राहते: युरिया पडतोय, धूर साफ आहे, सगळं ठीक. युरिया पडतच नाही. करणारे लोक हायवेवर आहेत, हे सगळ्यांना ठाऊक आहे.

त्याची बाजू मला कळते. तीन दिवस ट्रक उभा म्हणजे तीन दिवसांचं भाडं बुडालं, हप्ता मात्र चालू. अधिकृत सेंटर लांब, तिथे रांग. जे काम मी दोन तासांत करू शकतो, त्याचं सॉफ्टवेअर कंपनी मला देत नाही; काही पार्ट बसवल्यावर त्यांच्याच लॅपटॉपने ओळख पटवून द्यावी लागते, नाहीतर नवा पार्ट असून गाडी त्याला मानत नाही. युरोपात ट्रकच्या दुरुस्तीची माहिती बाहेरच्या मेकॅनिकलाही मिळावी असं कायदा सांगतो. आपल्याकडे २०२२ साली केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल काढलं, त्यात वाहनांचंही नाव आहे. माझ्या आवारापर्यंत ते अजून पोचलेलं नाही. दार बंद ठेवलं की माणसं खिडकी फोडतात. बायपासचा धंदा असाच वाढलाय, असं माझं स्पष्ट मत आहे.

तरीही मी ती डबी बसवत नाही. कायदा आहेच: मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२)खाली अशी गाडी चालवणाऱ्याला पहिल्या गुन्ह्यात १० हजारांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, आणि शिवाय लायसन्स तीन महिने जातं. पण त्याला मी कायदा सांगितला नाही. त्याला चिंचेपाशी नेलं. बुंध्याची काळी बाजू दाखवली, राखाडी बाजू दाखवली. या झाडाच्या आणि रस्त्याच्या मध्ये वीस वर्षं मी बसलोय. २०१२ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने डिझेलचा धूर माणसाला कर्करोग करतो, असं पहिल्या गटात नोंदवलं. तंबाखू ज्या गटात आहे त्याच. घाटाखालच्या वस्तीतल्या बायका दोरीवर धुणं टाकायच्या आणि काढताना त्यावरची काजळी झटकायच्या. नव्या गाड्यांच्या मागे उभं राहिलं तर आता पांढरा रुमाल पांढरा राहतो. हे मी माझ्या डोळ्यांनी, माझ्या रुमालावर पाहिलंय. ते मी माझ्याच हाताने परत काळं करणार नाही.

तो म्हणाला, "मग तुम्हीच सांगा काय करायचं."

तिन्ही ड्रायव्हरांना रविवारी पाठव, म्हटलं. तासभर बसवतो. कट-ऑफ कधी मारायचा, युरिया कुठून घ्यायचा, कॅन उन्हात का ठेवायचा नाही, रिजन चालू असताना किल्ली का बंद करायची नाही. त्याने हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. गेला.

५.४५

छोटं काम. टँकर, कोड ३२२६, मागचा नॉक्स, म्हणजे नायट्रोजन ऑक्साइडचा, सेन्सर. दोन ठिकाणी सेन्सर बदलायला सांगितलेलं, आणि त्याची किंमत हजारोंत. भाच्याला म्हटलं, तू बघ, मी बोलणार नाही. त्याने आधी कोड लिहून घेतला. मग कपलर काढून २४ व्होल्ट येतात का पाहिलं. येत नव्हते. उलटं शोधत गेला तो फ्यूजपाशी पोचला: उडालेला. नुसता फ्यूज टाकून थांबला नाही, का उडाला ते शोधलं. कालच वॉशिंग रॅम्पवर प्रेशरच्या पाण्याने चॅसिस धुतली होती आणि कपलरचं रबर फाटलेलं. आत पाणी, पिनांवर हिरवी बुरशी. पिना साफ, नवं रबर, नवा फ्यूज. सेन्सर ठणठणीत होता.

बिलात फ्यूज आणि रबराचे किती लावू, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, वस्तूंचे जेवढे आहेत तेवढे, आणि शोधायचे वेगळे, ते पूर्ण घे. शोधणं हेच काम आहे. गिऱ्हाइकाला ते सांगायला लाजायचं नाही.

७.३०

तात्यांचा ट्रक तापवून आणायला मुलाबरोबर मीच बसलो. घाट चढताना लॅपटॉप मांडीवर. पुढच्या सेन्सरचा आकडा हजाराच्या घरात, मागचा सुरुवातीला त्याच्या लगतच. दुसऱ्या वळणावर युरिया पडायला लागला. मागचा आकडा सातशे, सहाशे, साडेचारशे. तिथे थांबला. नवी गाडी शंभराच्याही खाली आणते. माथ्यावर पोचेपर्यंत तीनशे ऐंशी झाला, त्याखाली गेला नाही. उत्प्रेरक मेलेला नव्हता, पण जखमी होता. बोगद्याच्या दिव्यांत मुलगा माझ्या तोंडाकडे बघत गाडी चालवत होता.

खोटं सांगितलं नाही. चांगल्या युरियावर काही हजार किलोमीटर चालव, थोडा सुधारेल कदाचित. दिवा पुन्हा लागला तर उत्प्रेरकाचा डबा बदलावा लागेल, तेव्हा आतापासून बाजूला पैसे टाकत जा. तो मान हलवत राहिला. मग म्हणाला, "तात्यांना तुम्हीच सांगा."

सांगितलं. तात्या चिंचेखालून उठले, ट्रकच्या निळ्या झाकणावर हात ठेवून जरा वेळ उभे राहिले आणि आजारी बैलाला नेतात तशी सावकाश गाडी घरी ने, असं मुलाला म्हणाले.

९.५०

हत्यारं पुसून पेटीत. वहीत आजचे कोड आणि प्रत्येकाचं खरं कारण समोरासमोर लिहिलं: ४३६४, कट-ऑफ. डीपीएफ, पिंपातलं तेल. २०७एफ, खताचं पोतं. ३२२६, फाटकं रबर. भाचा वही वाचत होता. म्हणाला, "मामा, एकही डबा स्वतःहून बिघडला नाही."

नामक्कलवाला हुबळीच्या पुढे गेला होता. दिवा धारवाडच्या अलीकडे विझला, असं त्याने सांगितलं, आणि चौकशी केली की त्याचं पातेलं आमच्याकडे राहिलंय का. राहिलं होतं. पेटीच्या तळाशी, डोझर पुसलेल्या फडक्यात गुंडाळलेलं. पुढच्या फेरीला घेऊन जा म्हटलं.

पाऊस वाढला होता. म्हणजे पहाटे फोन येणार. भाच्याला म्हटलं, पातेल्यात पाणी ठेव आणि थर्मास भरून पेटीतच ठेव, ओट्यावर नको.